'अितर' ही छापखान्याची चूक नाही

प्रश्न : आजोबांची जुनी पुस्तकं टाइप करून ठेवतोय. त्यातल्या दोन-तीन पुस्तकांत सगळीकडे 'अितर', 'अुद्या', 'अेक' असं छापलंय. ही जुळाऱ्याची चूक की तेव्हा असंच लिहायचे? सरळ 'इतर', 'उद्या' करून टाकू का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : चूक अजिबात नाही, आणि कृपा करून बदलू नका. ही 'अ'ची बाराखडी. सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिपीशुद्धीसाठी तिचा जोरदार प्रचार केला, काका कालेलकरही याच मताचे होते. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ अशी सहा वेगळी अक्षरं कशाला, 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा द्या की, असा साधा हिशोब. पण हा हिशोब कुठून आला ते कळायला छापखान्यात जावं लागतं.

हाताने खिळे (म्हणजे धातूची सुटी अक्षरं) जुळवायचे म्हणजे जुळारी केससमोर, म्हणजे खणाखणांच्या पेटीसमोर, उभा राहून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या ओळ लावायच्या पट्टीत, लावणार, आणि छपाई झाली की तेच सगळे खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकणार. इंग्रजीला दोन केसेसमध्ये भागतं, आपल्याकडे काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरली की खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी होतात.

१८८६ मध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये मर्गेनथेलर या संशोधकाचं लायनोटाइप हे जुळणीचं मशीन चालू झालं आणि इंग्रजीपुरता तरी हा खेळच बदलला. ऑपरेटरने की दाबली की त्या अक्षराचा पितळी साचा वरून घरंगळत खाली येतो, ओळ भरली की शब्दांमधल्या पाचरी वर सरकून ओळ ताणून बसवतात, मग त्यात वितळलेलं शिसं जातं आणि अख्खी ओळ एका तुकड्यात बाहेर पडते. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग, प्रत्येक साच्याला वर दाते असतात, प्रत्येक अक्षराचे वेगळे, त्या दात्यांवर तो दांडीला लटकत जातो आणि बरोब्बर आपल्या खणावर आला की सुटून पडतो, म्हणजे खिळे सोडवायचं कामच संपलं!

पण कीबोर्डवर कीज फक्त ९०. शिवाय साचे शेजारी शेजारी उभे राहतात, एकावर एक नाही, त्यामुळे 'कु'साठी एक तर अख्ख्या 'कु'चा वेगळा साचा हवा नाहीतर उकार जरा उजवीकडे सरकवायला हवा. १९३० च्या दशकात हरी गोविंद गोविल यांनी लायनोटाइपसाठी देवनागरी बसवली तेव्हा हीच ओढाताण होती. अशा वेळी सहा अक्षरं कमी होणं ही फार मोठी गोष्ट होती हो, आज मोबाइलवर टाइप करताना त्याची कल्पना येत नाही.

पुस्तकांच्या कामाला मोनोटाइप हे जुळणीचं दुसरं मशीन जास्त सोयीचं, कारण त्यात अक्षरं सुटी पडतात. लायनोटाइपमध्ये एका वेलांटीसाठी पूर्ण ओळ पुन्हा ओतावी लागायची, आणि नवी ओळ टाकताना भलतीच जुनी ओळ काढली गेली की प्रूफ वाचणाऱ्याची परीक्षाच.

तेव्हा तुमच्या प्रतीत 'अितर' तसंच ठेवा. आधी 'अ' टाइप करून मग वेलांटी द्या, उमटतं. शोधायला सोपं जावं म्हणून हवी तर आजच्या लेखनाची दुसरी फाइल करा, पण पहिली हलवू नका.