‘एस’, एक्का आणि रोलाँ गारोस

प्रश्न आला आहे तो असा: टेनिसमधला ‘एस’ आणि लढाऊ वैमानिकाचा ‘एस’ हा शब्द एकच का? मराठीत काय म्हणावं? आणि ज्याच्या नावाच्या स्टेडियमवर फ्रेंच ओपन होते, तो रोलाँ गारोस नेमका कुठला ‘एस’?

शब्द एकच. मूळ लॅटिन ‘आस’, म्हणजे रोमन लोकांचं ब्राँझचं नाणं, एक एकक. फ्रेंचमध्ये तो फाशावरचा एक ठिपका झाला, मग पत्त्यातला एक्का. 1915 मध्ये फ्रेंच वर्तमानपत्रांनी आदोल्फ पेगू या वैमानिकाला ‘आस’ म्हटलं आणि पुढे पाच विमानं पाडणारा तो ‘आस’ असा हिशेब रूढ झाला. जर्मन मात्र अशा वैमानिकाला ‘कानोन’ म्हणत, म्हणजे तोफ!

गंमत अशी, की या हिशेबात गारोस बसतच नाही. त्याच्या नावावर चारच विमानं आहेत. टेनिसपटू तर तो नव्हताच. स्टाद फ्रान्से क्लबात तो रग्बी खेळे. 1913 मध्ये भूमध्य समुद्र विमानाने न थांबता ओलांडणारा पहिला माणूस ही त्याची खरी ओळख. 1928 साली पॅरिसचं नवं स्टेडियम बांधलं, तेव्हा त्याच्या जुन्या क्लबमित्राने आग्रह धरून त्याचं नाव लावून घेतलं.

पहिल्या महायुद्धात गारोसचं महत्त्व आकड्यापेक्षा युक्तीत आहे. फिरत्या प्रोपेलरमधून गोळी झाडायची तर पातं आडवं आलं की मशीनगन थांबली पाहिजे. तसं यंत्र फ्रेंच विमानबांधक सोल्नियेने करून पाहिलं होतं. पण हॉचकिस गनचा वेग एकसारखा नसे, काही काडतुसं क्षणभर उशिरा उडत आणि गोळी पात्यातच घुसे. म्हणून पात्यांवर, गोळीच्या रेषेत, पोलादी पाचरी बसवल्या. बहुतेक गोळ्या मोकळ्या जात. पात्यावर आदळणारी पाचरीवरून बाजूला घसरे. त्यात प्रोपेलरची ओढ घटे आणि प्रत्येक आघाताचा दणका इंजिनाला बसे, तो वेगळाच. तरी 1 एप्रिल 1915 पासून अठरा दिवसांत गारोसने तीन विमानं पाडली. 18 तारखेला इंजिन बंद पडून तो जर्मन हद्दीत उतरला. विमान जाळायला गेला, पण ते पुरतं जळलं नाही आणि जर्मनांच्या हाती लागलं. पुढे काही महिन्यांतच जर्मनांकडे फोकर या विमानबांधकाची विमानं आली, तीही पाचरींऐवजी प्रोपेलरशी गन जुळवणारं यंत्र घेऊन. गारोस फेब्रुवारी 1918 मध्ये कैदेतून निसटला, पुन्हा लढला आणि 5 ऑक्टोबरला, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मारला गेला.

आता मराठी. टेनिसच्या ‘एस’ला क्रीडापानांवर ‘बिनतोड सर्व्हिस’ म्हणतात, ते उत्तम आहे. वैमानिकासाठी ‘निष्णात’ पुरत नाही, त्यात मोजणी हरवते. ‘हुकमी एक्का’ म्हणजे हमखास डाव जिंकून देणारा, तोही अर्थ निराळा. मी नुसतं ‘एक्का’ लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पाच विमानं पाडलेला’ एवढं जोडीन. ‘आस’ लिहू नये. मराठीत आधीच एक आस चाकाचा, दुसरी मनाची.

उच्चाराचं विचारलंच आहे म्हणून: ‘रोलाँ’मधला ड गिळायचा, ‘गारोस’मधला स मात्र स्पष्ट.