घरी वाइन करणाऱ्यांनो, सध्या काय पिताय? स्वतःची की विकतची?

खरं सांगू का, जास्त करून विकतचीच. स्वतःची प्यायची म्हणजे ती आधी तयार व्हायला लागती ना राव, आणि आमच्या घरातली वाइन कायम 'अजून दोन महिने' वरच असती.

एक आधीच सांगतो, आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विकायचं लांबच, परवान्याशिवाय घरी करणंसुद्धा त्यात बसत नाही, त्यामुळं नाव-गाव काही विचारू नका. कोल्हापूर एवढं पुरे.

तर सध्या चाललीय ती गेल्या वर्षीच्या जूनची जांभळाची. राधानगरीकडनं पाच किलो जांभळं आलेली, ती हातानं कुस्करली, बिया मात्र फोडल्या नाहीत, नाहीतर कडवट होती. चार दिवस दहाही बोटं मतदान करून आल्यासारखी, ऑफिसात जो तो विचारतोय. पाणी घातलं, हायड्रोमीटर (रसात साखर किती ते दाखवणारी तरंगती नळी) १.०८५ दाखवंपर्यंत साखर घातली, वाइनचं यीस्ट घातलं (बेकरीचं नको, वाइनला पावाचा वास येतोय) आणि साखर आंबून संपल्यावर शेवटी आकडा ०.९९६ वर थांबला म्हणजे अल्कोहोल साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. सहा महिन्यांनी चाखली तर तोंड असं आवळलं की जीभ टाळ्याला चिकटली, जांभूळ मुळातच तुरट. वैतागून बाटल्या कॉटखाली सारल्या आणि विसरलो. परवा गादी उन्हात टाकायला काढली तेव्हा सापडल्या. तुरटपणा गेला नाही पण मवाळ झालाय, मागनं थोडी मिऱ्याची चव येती. नाद खुळा. सहा बाटल्यांतल्या चार उरल्यात.

द्राक्षाची विचाराल तर विषय काढू नका. तासगावची काळी द्राक्षं मार्चमध्ये स्वस्त मिळाली म्हणून भरली, पण ती खायची द्राक्षं, साल पातळ, रंगही धड उतरत नाही, आणि त्यात आपला मार्च. खोलीत ३५ डिग्री, आंबताना बादली स्वतःची गरमी धरती ती वेगळीच, यीस्ट बिचारं दमलं आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला. ओली पोती गुंडाळली, बर्फाच्या बाटल्या लावल्या, काही उपयोग नाही. जून-जुलैत पाऊस लागला की तेच घर २४-२५ वर येतंय, म्हणून आता मी पावसाळ्यातच करतो.

करवंदाचीही एक बरणी आहे. करवंदाला चीक असतोय हे माहीत होतं पण तो बादलीच्या कडेला फेव्हिकॉलसारखा गोल कडं करून बसतोय हे माहीत नव्हतं, घासून घासून बायकोची तारेची घासणी गेली. वास मात्र झकास. आणि एकदा साखरेऐवजी आपला गूळ घातला, म्हटलं कोल्हापूरचा गूळ म्हणजे भारीच होणार. काकवीत बुडवलेलं लाकूड चाटल्यासारखी चव. आंबणं पुरतं थांबायच्या आधीच त्यातली एक बाटली घट्ट बूच मारून ठेवलेली, ती रात्री दोनला फुटली, शेजारी दिवाळीच्या चकल्यांचा डबा होता. पुढचं लिहीत नाही.

विकतच्यात सध्या नाशिकची शेनिन ब्लांक (पांढरी वाइन), गारेगार करून, तीही तांबड्या रश्श्याबरोबर. रेड वाइन आणि तांबडा रस्सा एकत्र घेऊन बघा, तिखट दुप्पट लागतंय, तुरट वाइन आणि मिरची एकमेकीला चढवतात. थोडी गोडसर पांढरी असली की तोंड शांत राहतं. पांढऱ्या रश्श्याला काहीही चालतंय. अकलूजची सांजोव्हेसे (ही रेड) पण एक आणलीय, ती सुक्या मटणाबरोबर आवडली, पण महिन्यातनं एखादी, खिशाचं बघायला लागतंय.

या जूनची जांभळाची आत्ता बरणीत आहे, एअरलॉकमधनं (गॅस बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं झाकण) मिनिटाला एखादा बुडबुडा येतोय, म्हणजे अजून आंबतीय, हात लावायचा नाही. आणि जुन्या चारातली एक मेव्हण्यासाठी ठेवलीय, गेल्या वर्षी चाखून 'दाजी, हा काढा सर्दीवर देता काय?' म्हणालेला.