पस्तीस वर्षांनी आलेला दुसरा भाग

‘ब्लेड रनर २०४९’ या सिनेमाचं परीक्षण लिहायला घेतलंस, छान. पण आधी जुना ‘ब्लेड रनर’ पाहून घे, आणि कोणता पाहिलास तेही लिही. १९८२ साली थिएटरात लागला त्यात नायक हॅरिसन फोर्डचं निवेदन होतं. २००७च्या ‘फायनल कट’मध्ये, म्हणजे त्याच सिनेमाच्या नव्याने संपादित आवृत्तीत, ते नाही, शेवटही वेगळा. मग २०१७च्या ‘ब्लेड रनर २०४९’ला “पहिल्याची सर नाही” म्हणताना नक्की कुठला पहिला, हे वाचणाऱ्याला कळायला नको?

दुसरं म्हणजे मध्यंतर. सिनेमा पावणेतीन तासांच्या घरातला, संथ. आपल्या मुंबईच्या थिएटरात संथ शॉट चालू असताना फटकन दिवे लागतात, पॉपकॉर्नला रांग लागते. तिथे लय तुटली तर त्याचा राग दिग्दर्शक डेनी विलनववर काढू नकोस. (मध्यंतर कुठे पडलं ते टिपून ठेव.)

कथा सांगत बसू नकोस. नारिंगी धुरळ्यात बुडालेलं लास व्हेगास छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने कसं टिपलंय ते लिही. छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला उगाच नाही मिळालं. जुन्या आठवणींचा गहिवर एका वाक्यात आटप. आणि परतीच्या लोकलमध्ये लटकत सिनेमाला स्टार देऊ नकोस, सकाळी दे.