घाटातून दिसणारे दिवे आणि विश्वाचं माप

प्रश्न (कराड) : ताऱ्याच्या स्फोटावरून अंतर कसं काढतात?

रात्री यवतेश्वरच्या घाटात उभं राहून खाली साताऱ्याकडे पाहा. एकाच वॉटचे दोन दिवे असतील आणि एकाचा उजेड दुसऱ्याच्या चौथाई दिसत असेल, तर तो दुप्पट लांब आहे. वॉट ठाऊक असला की अंतर निघतं. आकाशात असा ठाऊक वॉटचा दिवा म्हणजे ‘वन-ए’ प्रकारचा सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटणारा तारा. ऐन भरात तो चारशे-पाचशे कोटी सूर्यांएवढा उजळतो, म्हणून फार लांबूनही दिसतो. विश्व प्रसरण पावतं, म्हणून दीर्घिका (ताऱ्यांची प्रचंड वस्ती) आपल्यापासून लांब जातात. त्यांचा दूर जाण्याचा वेग वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या त्यावरून कळतो. वेग सोपा, खरा घाम अंतर काढतानाच गळतो.

प्रश्न (वाई) : तारे वेगवेगळे, मग स्फोट सारखे कसे?

फार मार्मिक विचारलंत. फुटतो तो श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा. जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढत तो सूर्याच्या 1.4 पट वस्तुमानाजवळ पोचला, की आतला कार्बन एका दमात पेटतो. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर मांडायला घेतली, तेव्हा त्यांना वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

पण स्फोट हुबेहूब सारखे नसतात आणि सगळे याच वाटेने होतात असंही नाही. 1993 मध्ये मार्क फिलिप्स यांनी दाखवलं, की जो जास्त तेजस्वी तो सावकाश मावळतो. म्हणून उजेड शिखरावरून पहिल्या पंधरा दिवसांत किती उतरला ते मोजतात आणि त्यावरून मूळ तेज ठरवतात. माझ्या मते सगळी इमारत या उताराच्या मोजणीवर उभी आहे. तिच्याच बळावर 1998 मध्ये दोन गटांना दिसलं, की दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे जास्त लांब आहेत, तेव्हा विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना 2011 चं नोबेल मिळालं ते यासाठी.

प्रश्न (कोरेगाव) : मग सातारा-पुणे अंतर का वाढत नाही?

जे गुरुत्वाकर्षणाने किंवा अणूंच्या ओढीने बांधलेलं आहे ते ताणलं जात नाही. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येते आहे.

प्रश्न (सातारा, शिक्षिका) : विश्वाच्या प्रसरणाचा वेग 73 की 67? मुलांना काय सांगू?

दोन्ही आकडे सांगा, बाई. अर्थ असा : दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर. जवळच्या दीर्घिकांत सेफीड तारे (ठरावीक लयीत कमी-जास्त उजळणारे, लयीवरून ज्यांचं खरं तेज कळतं) पाहून सुपरनोव्हाचा ‘वॉट’ ठरवला, की उत्तर 73 च्या आसपास येतं. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या बालपणातल्या प्रारणावरून काढलेलं उत्तर 67.4. दोघांच्या त्रुटी लहान, तरी मेळ बसत नाही. यात कुणाची लबाडी नाही. चूक मापात आहे की आपल्या समजुतीत, ते अजून उघडं आहे.

तिसरी वाट मला सर्वांत देखणी वाटते. 2014 मध्ये एका दीर्घिका-समूहाच्या गुरुत्वाने वाकवलेल्या प्रकाशात एकाच स्फोटाच्या चार प्रतिमा दिसल्या. आणखी एक प्रतिमा लांबच्या वाटेने येणार, असं भाकीत केलं गेलं. ती डिसेंबर 2015 मध्ये उगवली, सुमारे 376 दिवस उशिरा. या ‘रेफ्सडाल’ सुपरनोव्हाचा वॉट ठाऊक असण्याची गरजच नव्हती, उशीर मोजला आणि समूहाच्या वस्तुमानाचं गणित मांडलं. 2023 मध्ये उत्तर आलं 67 च्या जवळ, पण त्रुटी मोठी, म्हणून वाद मिटला नाही.

प्रश्न (फलटण, विद्यार्थी) : मला असा स्फोट दिसेल का?

दिसेल, बाळा. जानेवारी 2014 मध्ये लंडनच्या विद्यार्थ्यांना एम-82 दीर्घिकेत असा स्फोट सापडला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी यवतेश्वरच्या पठारावर आठ इंची दुर्बीण लावली. सप्तर्षींच्या बाजूला एक फिकट रेघ, आणि त्या रेघेत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. सुमारे 1.2 कोटी वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड माझ्या डोळ्यात शिरत होता, हात गारठले होते तरी जागचं हलवेना. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तेज वहीत लिहिलं, साडेदहाव्या प्रतीजवळ (प्रत म्हणजे तेजाचा दर्जा, आकडा जितका मोठा तितका उजेड मंद). महिनाअखेरीस तोच ठिपका शोधायला डोळे ताणावे लागले. त्या दीर्घिकेतली धूळ त्याला मंद आणि तांबूसही करत होती, घाटात धुकं पडल्यावर खालचे दिवे लांब वाटतात तसं. ती धूळ हिशेबात वजा केल्याशिवाय अंतर चुकतंच.

तुझ्याकडे दुर्बीण नसेल तर आत्ताच एक वही घे आणि सप्तर्षींच्या आसपासचे तारे तेजाच्या क्रमाने लिहायला लाग.