घोड्याची खाज, घोड्याचा खोकला: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की घोडेवाल्यांचे प्रश्न वाढतात, यंदाही तेच झालंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझी पाच वर्षांची घोडी गेले दोन पावसाळे नुसतं अंग घासतेय. आयाळ गेली, शेपटीच्या बुडाशी जखमा झाल्या. सगळे म्हणतात रक्त बिघडलंय, गाडीचं जळकं ऑइल लाव. लावू का? (महाबळेश्वर)

अजिबात लावू नका दादा. जखमेवर ऑइल म्हणजे कातडी अजून भाजणार, आणि घोडी ते चाटणार ते वेगळंच. रक्तबिक्त काही बिघडलेलं नाही, तुम्ही सांगताय त्यावरून ही चिलटांची अ‍ॅलर्जी वाटते. क्युलिकॉइड्स नावाची चिलटं असतात, जेमतेम एक ते तीन मिलिमीटरची, त्यांच्यातली मादी चावते आणि तिच्या लाळेतल्या प्रोटीनवर काही घोड्यांचं शरीर गरजेपेक्षा जास्त भडकतं. म्हणून शेजारच्या ठाणावरच्या घोड्याला तीच चिलटं चावूनही काही होत नाही आणि तुमची घोडी खांबाला घासघासून रक्त काढते. हे घराण्यातही उतरतं, त्यामुळे या घोडीपासून शिंगरू घ्यायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. आइसलंडच्या घोड्यांचं उदाहरण यात नेहमी देतात, तिकडे ही चिलटं जवळजवळ नव्हतीच, तिथे वाढलेले घोडे युरोपात नेले की त्यांना हा त्रास फार होतो आणि त्याच जातीचे पण युरोपातच जन्मलेले घोडे मात्र बरेचसे वाचतात. म्हणजे लहानपणी चिलट ओळखीचं असणंही महत्त्वाचं.

आता करायचं काय, तर आधी ठाण बघा. ओली लीद आणि चिखल जिथे साचतो तिथेच ही चिलटं वाढतात, मेंढ्यांना नीलजिव्हा देणारी ती हीच, त्यामुळे धनगर बांधवांना यांची चांगली ओळख आहे. चावतात मुख्यतः पहाटे आणि दिवेलागणीला, तेव्हा सूर्य कलायच्या आधी घोडी आत घ्या आणि पंखा लावा, थेट अंगावर वारा येईल असा. चिलटाला वाऱ्यात धड उडता येत नाही, सगळ्यात स्वस्त उपाय हाच. साधी मच्छरदाणी बांधून उपयोग नाही, तिच्या भोकातून ती आरामात येतात, जाळी बारीक हवी. पूर्ण अंगाची झूल घातली तर उत्तमच. माशा पळवायचं औषध डॉक्टरांना विचारून लावा. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की दोन दिवसांत खाज थांबते आणि मग सगळे त्याच्याच मागे लागतात, पण ते वारंवार दिलं तर खुरांचा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, व्हायची भीती असते, आणि घोडा खुरातून गेला म्हणजे संपलंच की.

एक राहिलं, फक्त शेपूटच घासत असेल आणि आयाळ ठीक असेल तर गुदद्वाराजवळचे जंत आहेत का तेही तपासून घ्या. गोल गोल चट्टे पडून केस जात असतील तर गजकर्ण, त्यात खाज तशी कमी असते.

प्रश्न : मारवाडी घोडा आहे, तबेल्यात खोकतो, नाकातून पांढरं येतं, ताप नाही. रानात सोडला की दोन-चार दिवसांत बरा, परत बांधला की सुरू. सर्दीची औषधं झाली, फरक नाही. (नंदुरबार जिल्हा)

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. मोकळ्यावर बरा आणि तबेल्यात आजारी, म्हणजे संशय तबेल्यावरच घ्यायचा. घोड्यांचा दमा म्हणतात याला, आणि मोठं कारण म्हणजे बुरशी लागलेलं वाळलेलं गवत. गवत अर्धवट ओलं असताना रचलं की आतून गरम होतं, बुरशी धरते, तिचे कण डोळ्याला दिसत नाहीत पण पेंढी झटकली की धूर निघाल्यासारखं होतं ना, ते सगळं थेट फुप्फुसात जातं. मुतातून उठणारा अमोनिया वायू त्यात भर घालतो. पुढे पुढे श्वास सोडायलाच जोर लागतो आणि बरगडीच्या मागच्या कडेने पोटावर एक रेघ उमटते, ती दिसायला लागली म्हणजे बराच उशीर झालाय.

गवत पाण्यात दहा मिनिटं ते अर्धा तास बुडवा आणि ओलंच खायला द्या, वाळू देऊ नका. उरलेलं फेकायचं, आपल्याकडच्या उन्हात ते आंबतं. उंच जाळीत टांगू नका, जमिनीवर ठेवा, मान खाली गेली की छातीतला कफ बाहेर यायला मदत होते. घोड्याच्या डोक्यावरच माळा करून गवत भरलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, ते आधी हलवा. आणि झाडलोट घोडा बाहेर असताना करा, हे मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, दहादा सांगावं लागतं. शेजारच्या घोड्यालाही तेच ओलं गवत द्यायचं, नाहीतर त्याची धूळ याच्या नाकात.

मात्र ताप आला, नाकातून घट्ट पिवळं यायला लागलं किंवा अंगावर गाठी फुटल्या तर अ‍ॅलर्जी म्हणून बसू नका. ग्लँडर्स नावाचा संसर्गाचा रोग असू शकतो, तो माणसालाही होतो, सरकारी दवाखान्यात लगेच कळवायचं.

प्रश्न : इंजेक्शननंतर अर्ध्या तासात घोड्याच्या अंगभर गांधी उठल्या. चंदी (दाणा-खुराक) बदलली होती, त्यामुळे असेल का?

चंदीपेक्षा इंजेक्शनवर संशय जास्त. पेनिसिलिनने असं होतं. गांधी बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जातात, पण तोंड सुजलं किंवा धाप लागली तर त्याच क्षणी डॉक्टर. औषधाचं नाव घोड्याच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. खाण्याची अ‍ॅलर्जी घोड्यांत लोकांना वाटते तितकी नसते, आणि अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीच्या लांबलचक यादीवर फार विसंबू नका, धडधाकट घोड्यांचीही पॉझिटिव्ह येते.

प्रश्न : माथेरानला घोड्यावर बसलं की मुलाचे डोळे सुजतात, शिंका येतात. आता सर्पदंशाची लसही घोड्यापासून बनते म्हणतात, मग त्याला ती चालणार नाही का? (एक आई)

ताई, माथेरानच्या लाल धुळीनेही शिंका येतात, पण डोळे सुजतात म्हणजे घोड्याच्या कोंड्याची अ‍ॅलर्जी असू शकते, डॉक्टरांकडून तपासून घ्या. तुम्ही लस म्हणता ते प्रतिविष, ते घोड्याच्या रक्तापासूनच बनतं हे खरं, आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव सगळ्यांना माहीत आहेच. घोड्याच्या सीरमने, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाने, माणसाला त्रास होतो हे जुनं आहे, व्हिएन्नात पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी 1905 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पण विषारी साप चावला तर प्रतिविष नाकारायचं नाही, मुलाला घोड्याची अ‍ॅलर्जी आहे एवढं डॉक्टरांना आधी सांगायचं, ते अ‍ॅड्रिनलिन हे झटका आवरणारं औषध हाताशी ठेवून देतात.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारात घोडी घ्यायचीय, चिलटांच्या अ‍ॅलर्जीची खाजरी ओळखायची कशी?

अवघड आहे, कारण यात्रा दत्तजयंतीची, थंडीची. तेव्हा चिलटं कमी आणि आयाळ परत आलेली, वर विकणारा खरारा करून चकाचक आणतो. म्हणून नुसतं बघू नका, आयाळीखाली मानेच्या कडेवर बोटं फिरवा, कातडी जाड आणि घडीघडीची लागते का, शेपटीच्या बुडाशी केस आखूड किंवा राठ आहेत का. आणि मालकाच्या मोबाईलमध्ये श्रावणातला फोटो मागा, घोड्यांचे फोटो सगळ्यांकडे ढिगाने असतात. नेमका त्या दिवसांचाच नसेल तर भाव पाडून मागायचा किंवा पुढच्या दावणीकडे वळायचं.