मुलगी एअर रायफलवरून .२२ बोअरच्या, काडतुसाच्या रायफलवर आली आहे. रायफल रोज साफ करायची का, आणि गोळ्या कोणत्या घ्यायच्या?

तुम्ही लिहिलंय की क्लबमधला एक जण म्हणतो रोज साफ करा, दुसरा म्हणतो बॅरलला हातच लावू नका. आणि दुकानात हाय व्हेलॉसिटीचा (जास्त वेगाच्या गोळ्यांचा) डबा स्वस्त मिळतोय, तो चालेल का. मी कोल्हापूरचा, बरीच वर्षं ५० मीटरवर प्रोन (पालथं पडून) मारतो, पदकबिदक काही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून असे प्रश्न मलाही बरेच जण विचारतात.

माझं मत : बॅरल कमी साफ करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) जास्त.

.२२ ची गोळी नुसत्या शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली. पाच-दहा राउंड मारले की त्या वंगणाचा पातळ थर बॅरलमध्ये बसतो आणि रायफल एकसारखी मारायला लागते. तुम्ही तो घासून काढला की पुढचे आठ-दहा शॉट इकडेतिकडे जाणारच. मॅचच्या आदल्या रात्री बॅरल लखलखीत करणारे पालक मी पाहिलेत. सकाळी सायटर (मोजणीआधीचे अंदाजाचे शॉट) संपत आले तरी पोरगं साइटचे स्क्रू फिरवत बसलेलं असतं.

चेंबरचं वेगळं. गोळी जिथे बॅरलच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) शिरते तिथे काजळीचं कडं धरतं, दगडासारखं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दट्ट्या) लावताना शेवटी किंचित जोर लागायला लागला, किंवा न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना अडखळलं, की समजायचं कडं आलं. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं तसंच ठेवा, मग ब्राँझचा ब्रश तिथल्या तिथे फिरवा, आणि पॅचनं (कापडाच्या छोट्या तुकड्यानं) पुसून घ्या. बॅरल मी तीनशे-चारशे राउंडनंतर साफ करतो, दोन ओले पॅच आणि मग कोरडे, बस. पॅच पांढराशुभ्र निघेपर्यंत घासायचा हट्ट नको.

रॉड (पॅच ढकलायची सळई) मात्र चांगला घ्या, एकसंध, वरून कोटिंग असलेला, आणि घालायचा बोल्टच्या बाजूनं, गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून. मी सुरुवातीला तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड मझलच्या (बॅरलच्या पुढच्या टोकाच्या) बाजूनं घालायचो, कारण तसं सोपं पडतं. दोन वर्षं घासलं. मझलच्या तोंडाची जी कड असते, गोळी जिथे बॅरलचा निरोप घेते, ती एका बाजूनं झिजली. त्यात बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये (ठिणगी देणाऱ्या लेपात) काचेची बारीक पूड असते, ती रॉडला चिकटली की पॉलिश पेपरच. टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, आणि माझे शॉट आठात. कड पुन्हा कापून घेतली तेव्हा कुठे ग्रुप (शॉटचा पुंजका) जागेवर आला.

साफ करायला बसण्याआधी बोल्ट बाहेर, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघणं आणि बोट घालणं, आणि गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. एवढं मुलीच्या हाताला लागलं की पुढचं सोपं.

आता गोळ्या. हाय व्हेलॉसिटी नको. तिचा वेग मझलशी सेकंदाला ३७० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. टार्गेटपर्यंत जाताना ती आवाजाच्या वेगाखाली घसरते आणि तिथेच डळमळते. वाऱ्यालाही ती साध्या गोळीपेक्षा जास्त सरकते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. स्टँडर्ड व्हेलॉसिटी घ्या, ३२०-३३० वाली, ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची. बॅरलवर काय कोरलंय ते वाचा; .२२ लाँग रायफल असेल तर तेच. शॉर्ट (आखूड) काडतूस बसतं, पण चेंबरमध्ये तेच काजळीचं कडं ठेवून जातं. मॅग्नम (मोठं, जास्त ताकदीचं काडतूस) बसवायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही.

ईली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर५० वगैरे महागड्या गोळ्यांची नावं ऐकून लगेच पैसे घालू नका. दोन-तीन प्रकारांचे पन्नासचे डबे घ्या, रायफल टेकवून दहा-दहाचे ग्रुप मारा, आणि जिचा ग्रुप घट्ट तिचा एकाच लॉट नंबरचा साठा करा. माझ्या बॅरलला मधल्या किमतीची गोळी मानवली. तिच्या रायफलला काय मानवेल ते रायफलच सांगेल. एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलात तर पहिले दहा शॉट मोजू नका, वंगण बदललेलं असतं. शिल्लक गोळ्या परवान्याच्या नोंदीशी जुळवत जा.

एक प्रसंग सांगतो, पावसाळ्यातला. शेजारच्या लेनवर ज्युनिअर मुलगा, एक शॉट नेहमीच्या ‘टाक्’ऐवजी ‘फुस्स’ असा आला. टार्गेटवर काहीच नाही. मुलाला वाटलं चुकला, त्यानं बोल्ट ओढला आणि पुढची गोळी उचलली. कोच पळतच आले, हात धरला. बोल्ट काढून रॉड घातला तर हातभर आत गेला आणि थांबला. गोळी बॅरलमध्येच अडकलेली! तिच्यामागून दुसरी मारली असती तर बॅरल फुगली असती, कदाचित फाटलीही असती. म्हणून मुलीला सांगा, आवाज वेगळा आला की थांब आणि कोचला बोलव.

काडतूस झडलंच नाही तर रायफल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट. .२२ हे रिमफायर काडतूस, म्हणजे त्याचा प्रायमरचा लेप काडतुसाच्या काठात फिरवून भरलेला असतो, कधी एखाद्या जागी कमी पडतो. काही जण तेच काडतूस फिरवून पुन्हा मारतात. मी नाही मारत, रेंजवरच्या बाद काडतुसांच्या डब्यात टाकतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोम दमट राहतो आणि गंज बसतो. पुसून, आतून तेलाचा एक हलका पॅच, आणि मारण्याआधी कोरडा पॅच. काडतुसांना तेल लागू द्यायचं नाही, प्रायमर मरतो. उन्हात उभ्या गाडीतही डबा ठेवायचा नाही.

शेताच्या बांधावर डबे ठेवून सराव चालेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. ही गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते आणि पाण्यावरून, दगडावरून उसळते. सराव फक्त रेंजवर.

आणि रेंजवरून निघताना साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगाच्या पुडीत हात घालू देऊ नका, बोटांवर शिसं असतं.