गाठीचं लाकूड आणि रेझिन: पहिला वाडगा करताना

गाठीच्या लाकडाच्या भोकांत रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा द्रव, भरायचं आणि मग तो ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर, वाडग्यासारखा कोरायचा, असं हे काम. पहिला वाडगा बहुतेकदा लेथवर नाही, ओतकामातच बिघडतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बाभळीची किंवा शिसवाची गाठ आणलीत की लगेच रेझिन ओतू नका. मीटरवर ओलावा 12 टक्क्यांच्या खाली दिसला पाहिजे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तो आपोआप उतरेल या भरवशावर तर मुळीच राहू नका. खाचांमधली सुटी साल ताठ ब्रशने खरवडून काढा. ती राहिली तर वाडगा फिरताना तुकडा नेमका तिथूनच उडतो.

गाठीच्या भोकांत हवा असते. रेझिन तापलं की ती बाहेर येते आणि बुडबुडे आतच अडकतात. म्हणून आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात द्या, तो चिकटसर झाला की मग बाकीचं ओता. जाड ओतकामाचंच रेझिन घ्या. टेबलावर लेप द्यायचं रेझिन एकदम 5 सेंमी ओतलंत तर ते भयंकर तापतं, पिवळं पडतं, तडकतं. हार्डनरचं (रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाचं) प्रमाण वजनाने आहे की मापाने, हे डब्यावर वाचा. इथे अंदाज चालत नाही.

ओतलेलं रेझिन पुरतं घट्ट व्हायला निदान आठवडाभर थांबा, मगच लेथवर घ्या. 20 सेंमीचा वाडगा 500 आरपीएमच्या (मिनिटाला 500 फेऱ्यांच्या) आसपास सुरू करा, तोल साधल्यावरच वेग वाढवा. फेस शील्ड आणि धुळीचा मास्क हवाच. रेझिनची लांब रिबीन निघतेय तोवर ठीक. टवके उडू लागले की कोरायच्या टूलला धार लावा. सँडपेपर मारताना वेग कमी ठेवा. बोटाला ऊब लागली की थांबा, तापलेलं रेझिन मऊ पडून कागदाला चिकटतं.